संगणकाचा अहर्गण

२०२५ च्या सप्टेंबरात इंदुरातील एका देवस्थानाच्या कार्यालयातील एक नोंद आमच्यापुढे आली. वडिलांच्या स्मरणार्थ त्यांच्या मुलांनी वार्षिक अभिषेकासाठी कायम ठेव ठेवली होती. परंतु अभिषेक ठरल्या तिथीस होत नाही, अशी त्यांची तक्रार होती. कार्यालयाने संगणकातील नोंद काढून दाखविली. तीवर दिनांक होता १ जानेवारी २००२. कारकुनाने त्या दिनांकाची तिथी पंचांगात पाहून मार्गशीर्ष वद्यात अभिषेक लावून टाकला होता, आणि त्यात त्याचा काही दोष होता असे म्हणवत नाही. पण त्या दिवशी ते गृहस्थ हयात होते. एवढेच नव्हे, तर त्यानंतर दहा वर्षांनी त्यांनी स्वतः येऊन दिलेल्या देणगीची नोंद त्याच कार्यालयाच्या जुन्या वहीत त्यांच्या सहीनिशी आहे. जिवंत माणसाच्या स्मरणार्थ ठेव ठेवल्याचा कागद कोणी न्यायालयात पुढे केला, तर प्रतिपक्षाच्या वकिलास उलटतपासणीचे श्रमच पडावयाचे नाहीत.

ही नोंद ज्या संगणकातून निघाली, तो संगणक योगायोगाने त्याच आठवड्यात आमच्या हाती आला होता. कार्यालयाने नवे यंत्र घेतले होते आणि जुने यंत्र वाचनालयाच्या मुलांसाठी उपयोगी पडेल काय, अशी विचारणा विश्वस्तांनी केली होती. त्यावरील विंडोज एक्सपी ही प्रणाली कालबाह्य झालेली. तिच्या निर्मात्यांनी ८ एप्रिल २०१४ रोजी तिची देखभाल थांबविली. तेव्हा त्यावर लिनक्स घालावे, असे आमच्या भाच्याने सुचविले. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. आम्हांस त्यातले थोडेबहुत कळते, ते व्यवसायामुळे. जिल्हा न्यायालयांच्या संगणकीकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने उबुंटू लिनक्सचाच अंगीकार केला आणि चौदा हजारांहून अधिक न्यायाधिकाऱ्यांस त्याचे शिक्षण देण्यात आले. खटल्यांची नोंद ठेवणारी प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेली आहे. ज्या पडद्यावर आपल्या प्रकरणाची पुढील तारीख आपण पाहतो, त्यामागे ही मंडळी उभी आहेत.

जुन्या यंत्रावर ही प्रणाली घालणे यात एक प्रकारचे औचित्यही आहे. लिनक्सचे पूर्वज जे युनिक्स, त्याचा जन्मच अडगळीतल्या यंत्रावर झाला. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने मल्टिक्स नावाच्या मोठ्या प्रकल्पातून अंग काढून घेतले. केन टॉम्पसन हा तेथील संशोधक त्यामुळे यंत्रावाचून उरला, आणि फारसे कोणी वापरीत नसलेले एक पीडीपी-७ यंत्र त्याच्या वाट्याला आले. त्यावर त्याने व डेनिस रिची आदी सहकाऱ्यांनी जी लहानशी प्रणाली रचली, तिचा वंश पुढे जगभर पसरला. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमनने युनिक्ससारखी, परंतु सर्वांस मुक्त अशी प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या ३८६ जातीच्या संगणकावर तिचा गाभा लिहिला. या सर्व खटाटोपात प्रारंभी कोणाजवळ मोठे यंत्र नव्हते.

असो. पहिली संध्याकाळ फुकट गेली. भाच्याने आणलेली तबकडी आत घालताच काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली. तिचा आशय असा की, या गाभ्यास ६४ बिटांचा प्रोसेसर लागतो आणि येथे ३२ बिटांचा आढळतो. यंत्र पेंटियम ४ जातीचे, स्मृती अवघी ५१२ मेगाबाइट. हल्ली अशा यंत्रांस थारा कमी होत चालला आहे. डेबियन या प्रतिष्ठित वितरणाची तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी निघाली, तीत या जुन्या जातीसाठी प्रतिष्ठापनेची तबकडीच काढलेली नाही. शेवटी मागच्या, म्हणजे बाराव्या, आवृत्तीवर आधारलेले आणि जुन्या यंत्रांसाठी हलके केलेले एक वितरण मिळाले. दुसऱ्या संध्याकाळी ते तासाभरात बसले. कळफलक, पडदा, ध्वनी सर्व ठीक. आम्ही चहा मागविला.

आणि मग मराठी टंकांची व लेखनाची साधने उतरवून घेण्यासाठी तार जोडली, तो यंत्र अडून बसले. संकेतस्थळे उघडेनात; प्रमाणपत्र ग्राह्य नाही, असे प्रत्येक ठिकाणी उत्तर. साधनांची यादी आणावयास सांगितली, तर यादी आली, परंतु यंत्र ती स्वीकारीना. भाच्याचा संशय जाळ्यावर. त्याने तार बदलली, भ्रमणध्वनीवरून जोडणी करून पाहिली, यादीचे स्थान बदलले. उत्तर तेच: ही यादी अद्याप ग्राह्य झालेली नाही, ती ग्राह्य होण्यास अजून ८,६५५ दिवस आहेत.

तो आकडा पाहून आम्ही थबकलो. ज्यांच्या घरी पंचांगे वाचली जात त्यांच्या कानास दिवसांचा असा सलग आकडा ओळखीचा वाटतो. आम्ही कागदावर ८,६५५ ला ३६५¼ ने भागले. २३ वर्षे आणि सुमारे साडेआठ महिने निघाले. सप्टेंबर २०२५ मधून तेवढी मागे मोजली की मनुष्य २००२ च्या जानेवारीच्या पहिल्या दिवशी जाऊन पोहोचतो. भाच्याने तारीख विचारणारी आज्ञा दिली. यंत्राने सांगितले, १ जानेवारी २००२. सकाळी पाहिलेल्या नोंदीवरील तीच तारीख! यंत्राच्या दृष्टीने ती यादी तेवीस वर्षांनंतरच्या कोणी तरी लिहिलेली होती आणि भविष्यातला दस्तऐवज पुरावा म्हणून घेण्यास त्याने नकार दिला होता. आमच्या मते त्याचा निकाल कायद्यास धरून होता. फक्त त्याला आजचा दिवस ठाऊक नव्हता.

येथे थोडे विषयांतर केले तर वाचक क्षमा करतील. वस्तुतः ते विषयांतर नाही. एखाद्या ठरावीक आरंभदिनापासून आजपर्यंत सूर्योदय किती झाले, त्यांची सलग संख्या म्हणजे अहर्गण. ग्रहगणितात पहिली पायरी तीच. महिना, तिथी, अधिकमास हा सर्व गुंता बाजूस ठेवून प्रथम दिवस मोजावयाचे, आणि त्या एका संख्येवरून चंद्रसूर्यांची स्थाने काढावयाची. हे सारे गणित ज्या मध्यरेषेवर केले जाई, ती रेषा उज्जयिनीतून जाते. इंदुराहून उज्जैन ते किती दूर? फार तर पंचावन्न किलोमीटर, आणि तेही जवळजवळ सरळ उत्तरेस. उज्जैनचे रेखांश सुमारे ७५ अंश ४६ कला आहेत, इंदूरचे त्याहून पाचसहा कलाच अधिक. तेव्हा ज्या खोलीत बसून आम्ही त्या यंत्राशी झगडत होतो, तिच्यापासून प्राचीन भारताचे शून्य रेखांश अगदी हाकेच्या अंतरावर म्हणावयास हरकत नाही. तेथे सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वेधशाळा उभारली. ती पुढे पडीक झाली आणि १९२३ साली शिंदे सरकारने तिचा जीर्णोद्धार केला. जुने यंत्र टाकून न देता नीट करणाऱ्यांची परंपराही अशी जवळचीच आहे.

आरंभदिन कोणता धरावा, यावर आपल्या ज्योतिषांनी फार विचार केला होता. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात हा विषय मराठीत जितका स्वच्छ मांडला आहे, तितका अन्यत्र क्वचितच आढळेल. सिद्धान्तग्रंथ कल्पारंभापासून मोजतात. त्यांचा अहर्गण बारा अंकी होतो. तंत्रग्रंथ कलियुगारंभापासून, म्हणजे ख्रिस्तपूर्व ३१०२ च्या फेब्रुवारीतील १८ तारखेपासून मोजतात. त्यांचा अहर्गण लाखांत येतो. करणग्रंथ मात्र व्यवहारी. ते आपल्या काळाजवळचा एखादा शक धरतात आणि तेथून पुढे मोजतात. वराहमिहिराने पंचसिद्धान्तिकेत शके ४२७ धरला, ब्रह्मगुप्ताने खंडखाद्यकात शके ५८७, भास्कराचार्यांनी करणकुतूहलात शके ११०५. शास्त्राची भव्यता त्यात कमी होत असेल, पण गुणाकार हाताने करावयाचे असले म्हणजे भव्यता महाग पडते.

या व्यवहारबुद्धीचा कळस आमच्या कोकणात झाला. कुलाबा जिल्ह्यातील, आता रायगड म्हणतात त्यातील, मुरुडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० हा आरंभ धरून ग्रहलाघव रचले. ज्या-चापांचा उपयोग न करता त्यांनी ग्रहगणित बसविले, ही त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. त्यांची दुसरी युक्ती तितकीच सुंदर आहे. करणग्रंथ कितीही जवळच्या शकापासून मोजो, शतके लोटली की अहर्गण पुन्हा वाढतोच. गणेश दैवज्ञांनी अकरा अकरा वर्षांची चक्रे पाडली. एका चक्राचे दिवस ४,०१६. गेलेली चक्रे वेगळी मोजावयाची आणि अहर्गण चालू चक्रापुरताच धरावयाचा. म्हणजे तो ४,०१६ च्या पुढे कधी जातच नाही. पाचशे वर्षांनीही त्या ग्रंथाने गणित करणाऱ्यास मोठी संख्या हाताळावी लागत नाही. मंदिरामंदिरांतून पाडव्यास जी पंचांगे वाचली गेली, त्यांतील कित्येकांचे गणित याच सोप्या पायरीने चढत आले. (आमचा भाचा म्हणाला, ४,०१६ ही संख्या बारा बिटांत बरोबर मावते. मावते खरी, पण गणेश दैवज्ञांस बिटांची चिंता नव्हती, पाटीच्या रुंदीची असावी.)

युनिक्सच्या कर्त्यांपुढे नेमका हाच प्रश्न आला. १९७१ च्या नोव्हेंबरात निघालेल्या त्यांच्या पहिल्या मार्गदर्शिकेत काळ मोजला आहे तो १ जानेवारी १९७१ च्या मध्यरात्रीपासून, आणि तोही सेकंदाच्या साठाव्या भागांत. आकडा ठेवावयास जागा ३२ बिटांची. साठाव्या भागांनी मोजू लागले की ती जागा ८२८ दिवसांत, म्हणजे सव्वादोन वर्षांत भरते! त्यांच्या ते ध्यानात होते. अखेर त्यांनी साठावा भाग सोडून पूर्ण सेकंद धरला आणि आरंभ १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्री, ग्रीनिचच्या रेषेवर, स्थिर केला. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर युनिक्स हा करणग्रंथ आहे. त्याचा क्षेपक शके १८९१ मधला. कलियुगाच्या अहर्गणात तो दिवस १८,५२,१२२ वा येतो. लिनक्सने तीच गणना वारशाने घेतली. प्रत्येक नोंदीवर, प्रत्येक पावतीवर लिनक्स जी वेळ लिहिते, ती आत केवळ सेकंदांची एक संख्या असते. महिना आणि वार हे दाखविण्यापुरते मागाहून काढलेले.

पण मोजणारा झोपला तर? यंत्र बंद असताना सेकंद कोण मोजतो? १९८१ च्या मूळ आयबीएम वैयक्तिक संगणकात असा कोणी नव्हता. सुरू करताच तो मालकासच तारीख विचारी. १९८४ च्या पुढील प्रतिमानात एक लहानसे घड्याळ व त्यास बॅटरी आली, आणि पुढे बहुतेक संगणकांच्या मदरबोर्डावर सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक आणि नाण्याएवढी तीन व्होल्टांची एक बॅटरी असते. प्रणाली उठली की प्रथम या घड्याळास वेळ विचारते. बॅटरी मेली की घड्याळ कारखान्यात दिलेल्या मूळ तारखेवर जाऊन बसते. आमच्या यंत्राची मूळ तारीख १ जानेवारी २००२ होती.

भाच्याने आज्ञा देऊन तारीख नीट केली, ती घड्याळातही लिहविली, आणि सर्व साधने सुरळीत उतरली. काम झाले असे वाटले. दुसऱ्या दिवशी यंत्र उठले ते पुन्हा २००२ मध्ये; आणि चकतीची तपासणी करणाऱ्या साधनाने तक्रार केली की ही चकती भविष्यकाळात शेवटची वापरली गेली आहे. तिसऱ्या दिवशी मात्र तारीख बरोबर! चौथ्या दिवशी पुन्हा चूक. असा दोष शोधणे फार कठीण. कारण दोष सतत असला तर तो सापडतो, अधूनमधून असला तर माणूस आपल्यावरच संशय घेतो. अखेर उलगडा केला तो रखवालदाराने. रात्री जाताना तो भिंतीवरचे मुख्य बटण बंद करी, पण रोज त्यास आठवण राहत नसे. भिंतीचे बटण चालू राहिले तर यंत्र बंद असूनही मदरबोर्डास किंचित वीज मिळत राहते आणि बॅटरीवाचून घड्याळ चालते. ज्या रात्री रखवालदार आपले कर्तव्य चोख बजावी, त्या रात्री काळ थांबे.

या एका गोष्टीने त्या नोंदीचेही कोडे सुटले. आम्ही जुन्या चकतीवरील पावत्यांच्या फाइली काढल्या. बहुतेकांवर तारखा योग्य होत्या. पण एक्केचाळीस फाइली २००२ च्या पहिल्या दोन दिवसांतल्या निघाल्या. आमची पावती त्यांतली एक. पावतीचा अनुक्रमांक मात्र यंत्राने घड्याळावरून नव्हे, तर मागील पावतीवरून घेतला होता, तो शाबूत होता. त्यावरून छापील पावतीपुस्तकाची स्थळप्रत कपाटातून निघाली. तीवर शाईने लिहिले होते: शके १९३८, आणि अभिषेकाची तिथी फाल्गुन शुद्ध दशमी.

विश्वस्तांपैकी एकाने सुचविले की, त्या एक्केचाळीस फाइलींच्या तारखा आताच दुरुस्त कराव्या. एका आज्ञेचे काम. आम्ही त्यास ठाम विरोध केला. भारतीय पुरावा अधिनियमातील ६५-ब कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या ६३ व्या कलमाने घेतली आहे. संगणकातून निघालेला कागद पुराव्यात द्यावयाचा तर त्या काळात संगणक नीट चालत होता, आणि चालत नसल्यास त्या बिघाडाने नोंदीस बाध आलेला नाही, ही अट दोहोंतही आहे. येथे बाध आलेला होता. तो लपवून तारखा सुधारल्या असत्या, तर कारकुनाची निर्दोष चूक विश्वस्तांचा बनाव ठरण्यास वेळ लागला नसता. म्हणून फाइली आहेत तशा ठेवल्या; स्थळप्रतींशी ताडून प्रत्येकीची खरी तारीख वेगळ्या वहीत लिहिली, बिघाडाचे कारण लिहिले, आणि खाली सह्या घेतल्या.

बॅटरी राजवाड्याजवळच्या एका घड्याळवाल्याकडे मिळाली. ती बसविल्यावर एकच लहान उपद्रव उरला. जुना हिशेब पाहण्यासाठी एक्सपी त्याच चकतीच्या एका भागात राखली होती. ती घड्याळात स्थानिक वेळ ठेवते. लिनक्स मात्र घड्याळात ग्रीनिचची वेळ आहे असे समजून तीत साडेपाच तास मिळविते. संध्याकाळी सातला सुरू केलेले लिनक्स मध्यरात्रीनंतरचे साडेबारा दाखवू लागले आणि तारीख एका दिवसाने पुढे गेली. घड्याळात स्थानिक वेळ आहे, असे त्यास एकदा सांगून ठेवले की हा घोळ मिटतो. साडेपाच तासांची ही वेळ ८२½ अंश रेखांशाची. उज्जयिनीची खरी मध्यम वेळ तिच्या सत्तावीस मिनिटे मागे असते. मेघनाद साहांच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात गणनेचे मध्यवर्ती स्थान ठरविताना रेखांश ८२½ घेतले, पण अक्षांश २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जयिनीचेच ठेवले. अवंतीस पुरते सोडवेना, असे आम्हांस वाटते.

बॅटरी नवी झाली, तरी या यंत्राच्या अहर्गणास एक भिंत आहे. ३२ बिटांतील चिन्हासाठी एक बिट सोडला, तर १९७० पासून मोजलेले सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्या घड्याळाने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी त्या जागेत मावेनासे होतात, आणि पुढच्या सेकंदास जुनी गणना १९०१ च्या डिसेंबरात जाऊन पडते. गणेश दैवज्ञांप्रमाणे चक्रे पाडण्याऐवजी आजच्या कर्त्यांनी पाटीच रुंद केली. २०२० च्या मार्चमध्ये निघालेल्या लिनक्सच्या ५.६ या गाभ्यात ३२ बिटांच्या यंत्रांचीही सोय झाली, आणि डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत वेळेचा आकडा सर्वत्र ६४ बिटांचा झाला. अपवाद एकाच जातीचा केला आहे, ती आमच्या पेंटियमची. जुने कार्यक्रम मोडू नयेत म्हणून.

यंत्र आता वाचनालयात आहे. मुले त्यावर मराठी व कोंकणी टंकलेखन करतात. पेटीच्या मागील बाजूस भाच्याने एक कागद डकविला आहे: घड्याळाची बॅटरी बदलली, भाद्रपद वद्य, शके १९४७. त्याखाली आम्ही आणखी एक ओळ घातली, ती रखवालदारासाठी. भिंतीचे बटण रात्री खुशाल बंद करावे.